पोटावरचा धोटा

नानाजींची धाकटी बहीण सिंधूताई लग्न होऊन उमरेडला गेली, ते साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. लग्नाची लुगडी घरच्याच मागावर विणायची होती आणि ऐन वेळी घरातला जुना धोटा चिरला. सुताराच्या दारात बसून राहून नानाजींनी एका दिवसात मला घडवून घेतले. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. रंधा मारताना सुतार म्हणाला, "जरा दम धर गा, लाकूड पळून नाही जात." नानाजी म्हणाले, "लग्न पळून राहिलं ना!"

असा मी घाईत जन्मलो आणि पुढे घाईतच जगलो.

मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी धोटा पाहिला नसेल. हातमागावर उभे धागे ताणून बसवलेले असतात. त्यांच्या मधून आडवा धागा घेऊन जो इकडून तिकडे पळतो, तो धोटा. माझे अंग शिसवीचे, होडीसारखे. पोटात खाच असते आणि तिच्यात सुताची भरलेली कांडी बसते. अंगाखाली दोन लहान चाके आणि दोन्ही टोकांना लोखंडी अणकुच्या. विणकराने दोरीला झटका दिला की मी सुटतो. खटक! डावीकडून उजवीकडे. आडवा धागा घट्ट बसवणाऱ्या फणीचा ठोका पडतो, खट! पुन्हा उजवीकडून डावीकडे. एका लुगड्याला किती फेऱ्या झाल्या हे मला कोणी विचारू नये. मोजायला थांबावे लागते, आणि थांबणे मला कधी जमलेच नाही.

आम्ही राहायचो त्या तांडापेठेच्या गल्लीत तेव्हा घरोघरी माग होते. दिवसभर सगळी गल्ली खटखटत असायची. तुळजाबाई, म्हणजे नानाजींच्या पत्नी, चरख्यावर कांड्या भरून द्यायच्या. त्यांचा हात माझ्या वेगाला कधी कमी पडला नाही. लोक येऊन म्हणायचे, "नानाजी, तुमचा धोटा का हरीण आहे जी?" मला ते फार आवडायचे. मग मोहल्ल्यातले माग एकेक करून बंद पडत गेले. कोणी गिरणीत गेले, कोणी ऑटो घेतला. तुळजाबाई वारल्या. नानाजींनी माग सोडला नाही. लुगडी कोणी घेईना, तेव्हा ते सतरंज्या विणू लागले. मी पळतच होतो.

आणि त्या घरात पायल जन्मली. नानाजींच्या मुलाची, चंद्रभानची, मुलगी. चंद्रभान ट्रक चालवतो, महिन्यातले चार दिवस घरी. पायलची आई जया एका दवाखान्यात आयाचे काम करते. पायल तीन वर्षांची झाली तरी बोलेना. हाक मारली तरी बघेना. पण पळायची मात्र अशी, की मलासुद्धा हेवा वाटावा. दार उघडे दिसले की बाहेर, रस्ता दिसला की रस्त्यावर. डॉक्टरांनी तपासून सांगितले की ही मुलगी वेगळ्या रीतीने वाढणार आहे, तिला विशेष शिक्षण लागेल. नानाजींना त्यातले एवढेच कळले की पोरीला जपायचे.

आता आमच्या लोकांची एक रीत सांगतो, कारण सगळी चूक तिथूनच सुरू झाली. आमचे माग खड्ड्याचे असतात. विणकर पाय खड्ड्यात सोडून बसतो आणि पायांनी खालच्या फळ्या दाबतो. घरात रांगते मूल असले की ते खड्ड्यात पडू नये म्हणून त्याच्या कमरेला मऊ पट्टी बांधून ती मागाच्या खांबाला अडकवत. नानाजीही लहानपणी तसेच बांधलेले होते, चंद्रभानही. यात कोणाला काही वाईट वाटत नसे. नानाजींनी पायलसाठी चार बोटे रुंद पट्टी स्वतः विणली, कमरेला रुतू नये म्हणून दुहेरी सुताची. जया कामावर गेली की पायल त्या पट्टीने खांबाला, आणि नानाजी मागावर.

नवल हे, की पायल तिथे शांत बसायची. तासन्‌तास. एरवी एक घोट पाणी प्यायला न थांबणारी पोर! नानाजी शेजाऱ्यांना सांगायचे, "पट्टी बांधली का गाय होते पाहा. तिले बांधून घ्यायलेच आवडते."

मित्रांनो, मला खरे काय ते दिसत होते. मी डावीकडे गेलो की पायलची मान डावीकडे, उजवीकडे गेलो की उजवीकडे. ठोका पडला की ती श्वास सोडायची. धागा तुटून माग थांबला की ती आपला हात चावायची आणि किंचाळायची. मग नानाजी म्हणायचे, "पट्टी ढिली झाली वाटते," आणि ती कसायचे. तोवर धागा जोडून व्हायचा, मी पुन्हा सुटायचो, पायल निवायची. नानाजींना वाटायचे, पट्टी घट्ट कसल्यामुळे निवली. असे पाच वर्षे चालले. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. पण धोट्याला आवाज एकच, आणि तो कामाचा.

पायल आठ वर्षांची असताना घर विकले गेले. जयाने नंदनवनात, दवाखान्याजवळ दोन खोल्या भाड्याने घेतल्या. तिथे फरशी होती, खड्डा कुठे खणणार? माग सुटा करून त्याची लाकडे बांधून पलंगाखाली सरकवली. "बसवू कधी तरी," असे नानाजी म्हणत राहिले. मला पायलने उचलले आणि सोडलेच नाही. झोपतानाही मी तिच्या मुठीत.

नानाजींनी पट्टी खिडकीच्या गजाला बांधली. पण आता पट्टी उपयोगी पडेना. पायल ओढायची, किंचाळायची, कपाळ गजावर आपटायची. नानाजी आणखी कसायचे. एकदा जया कामावरून आली तेव्हा पोरीच्या कमरेला वळ उठलेला दिसला. तिने पट्टी सोडली, वळावर खोबरेल लावले, आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून विशेष मुलांच्या एका शाळेत पायलचे नाव घालून आली.

"मामाजी, उद्यापासून तुम्ही तिले शाळेत न्याल आणि तिथंच बसून राहाल," ती सासऱ्यांना म्हणाली. "आणि पट्टी घरी राहू द्या."

"काहून?" नानाजींनी कारण विचारले.

"नाही म्हणजे नाही."

तरी नानाजींनी पट्टी पिशवीत टाकलीच.

शाळेत रोज सकाळी पहिला तास योगाचा. तो घ्यायला शामलाताई यायच्या. बुटक्या, हसऱ्या, केसांत पेन खोचलेल्या. नानाजींना वाटले होते की मुलांना डोळे मिटून पाटासारखे बसवतील. इथे तर गोंधळ! ताई म्हणाल्या, "आता आपण सगळे मांजर! मांजरीला राग आला, पाठ वर. मांजरीचा राग गेला, पाठ खाली." मग बेडूक झाले, मग भुंगे झाले आणि सगळे ओठ मिटून गुणगुणू लागले. पियुष नावाचा मुलगा सिंह झाला की जीभ बाहेर काढून गर्जायचा आणि तो सिंह मग जेवणाच्या सुट्टीपर्यंत उतरायचा नाही.

"हा काय योग आहे जी?" नानाजींनी दाराजवळच्या बाकावरून विचारले. "हे तं पोट्ट्यांचा दंगा आहे."

"दंगाच आहे, बाबाजी," शामलाताई म्हणाल्या. "आधी अंगातला दंगा बाहेर काढायचा. मग शांत व्हायला जागा होते. तुम्ही पण या, बेडूक व्हा."

"माझे गुडघे पाहिले नाहीत तुम्ही. बेडूक झालो तं दोघं जण उचलायले लागतील."

मुले बेडूक होत, पायल पळत राहायची. भिंतीपासून भिंतीपर्यंत. मी तिच्या मुठीत आणि माझे डोके गरगरत. पहिल्या आठवड्यात ती दोनदा फाटकाबाहेर गेली. दुसऱ्यांदा एका मोटारसायकलवाल्याने कचकन ब्रेक मारला म्हणून वाचली. तेव्हा नानाजींनी पिशवीतून पट्टी काढून शामलाताईंपुढे धरली.

"हे बांधा. आमच्या घरी पाच साल बसली एका जागी. तुमचं मांजर-बेडूक राहू द्या."

ताईंनी पट्टी हातात घेऊन पाहिली. "सुरेख विणली आहे," त्या म्हणाल्या. "पण मी बांधणार नाही. बांधलेलं लेकरू शांत नसतं, बाबाजी, अडकलेलं असतं."

"मी काय तिचा दुश्मन आहे?" नानाजींचा आवाज चढला. "म्या पाहिलं ना माझ्या डोळ्यानं! शांत बसत होती!"

पट्टीची घडी घालून ताईंनी ती परत दिली. मी मात्र पायलच्या मुठीत जळत होतो. दोघेही खरे सांगत होते, आणि दोघांनाही अर्धेच ठाऊक होते.

दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या सोमवारी माझ्या हातून ते घडले. भुंग्याचा खेळ चालू होता. बाहेर कचऱ्याची गाडी भोंगा वाजवत आली. पायलने दोन्ही कानांवर हात नेले आणि मला भिरकावले. मित्रांनो, मी आयुष्यभर धाग्यांतून धावलो, माझ्या टोकाने एक धागा कधी तोडला नाही. त्या दिवशी माझी अणकुची काजल नावाच्या मुलीच्या कपाळाला लागली. भुवईच्या वर. रक्त आले. मी भिंतीशी पडून राहिलो आणि मला प्रथमच वाटले, मी घडलोच नसतो तर बरे होते.

काजलला तीन टाके पडले. मुख्याध्यापिका अरुंधती मॅडमनी जयाला कामावरून बोलावून घेतले. मॅडम कडक, पण वाईट नव्हत्या.

"मला सगळ्याच लेकरांना सांभाळायचं आहे," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवस देते. त्यानंतर मी स्वतः येऊन बसेन. पायल पूर्ण तास वर्गात राहिली, कोणाला इजा झाली नाही, तर ठेवू. नाही तर घरी न्या."

"घरी कोण पाहीन मॅडम?" जया म्हणाली. "माझी नोकरीच सुटते."

नानाजी खाली मान घालून उभे होते. घरी न्यायचे म्हणजे खिडकीचा गज, हे दोघांनाही कळत होते.

दुसऱ्या दिवशी नानाजींनी मला मांडीवर घेतले. माझ्या अणकुच्यांवरून अंगठा फिरवला. मग त्यांनी लोखंड कापायची करवत काढली. विणकर हे कधी करत नाही. अणकुच्या गेल्या की धोटा सरळ धावत नाही, तो मागाच्या कामाचा राहत नाही. पलंगाखाली लाकडे बांधून ठेवली होती. "बसवू कधी तरी" हे शब्द त्यांनी इतके दिवस जपले होते.

जयाने पाहिले. "मामाजी, काय करून राहिले?"

"तिच्या हातातून हा सुटत नाही. मंग याचेच दात पाडतो."

"अन्‌ मागाचं?"

"माग कोण चालवते आता," नानाजी म्हणाले, आणि करवत चालवू लागले.

मला दुखले नाही असे मी म्हणणार नाही. दोन्ही टोके गेली, चाकेही गेली. घासकागदाने त्यांनी मला गोल, गुळगुळीत केले. नंतर तुळजाबाईंच्या हातची भरलेली एक शेवटची कांडी उरली होती, ती माझ्या पोटात बसवली. का, असे जयाने विचारले नाही. आमच्या घरात धोटा रिकामा ठेवत नसत.

त्या आठवड्यात शामलाताईंनी नवा खेळ आणला. मुलांनी सतरंजीवर उताणे निजायचे, पोटावर एक खेळणे ठेवायचे आणि श्वासाने त्याला वरखाली झोके द्यायचे. कोणाच्या पोटावर कापडी बदक, कोणाच्या पोटावर कासव. पियुष ओरडला, "ताई, माझं बदक बुडलं!" ताई म्हणाल्या, "श्वास घे, वर येते." पायलच्या पोटावर ताईंनी कापडी बेडूक ठेवला. तिने फेकला. पुन्हा ठेवला, पुन्हा फेकला. हलकाच होता, तिला तो जाणवतच नसावा. मग ताईंची नजर माझ्याकडे गेली. त्यांनी माझी टोके चाचपून पाहिली आणि मला तिच्या पोटावर ठेवले.

मी जड होतो, भरल्या कांडीने आणखी जड. पायल क्षणभर थांबली. पण तिचा श्वास धापा टाकल्यासारखा होता. मी घसरलो, फरशीवर पडलो. पुन्हा ठेवले, पुन्हा पडलो. "हळू, पायल, हळू," ताई म्हणत होत्या, पण शब्द तिच्यापर्यंत पोचत नव्हते.

नानाजी येऊन शेजारी बसले होते. गुडघे दुखत होते म्हणून पाय लांब सोडलेले. मी पडू नये याची त्यांना इतकी काळजी लागली होती की त्यांचे पाय आपोआप हलू लागले. डावा दाबला, उजवा दाबला. तळहात फरशीवर पडला. खटक… खट. खटक… खट. त्यांचे त्यांनाही कळले नाही. पन्नास वर्षांची सवय ती.

पायलची मान डावीकडे वळली. मग उजवीकडे. ठोका पडला, तिने श्वास सोडला आणि मी तिच्या पोटाबरोबर खाली गेलो. पुन्हा वर आलो. मी जन्मभर आडवा धावलो होतो. वरखाली होणे मला ठाऊकच नव्हते. अंगातली सगळी धाव सुटता सुटेना. वाटे, आता झटका बसेल, आता सुटेन. झटका बसला नाही. मी हललो, पण कुठेही गेलो नाही.

"बाबाजी, काय करता आहात?" ताईंनी हळूच विचारले.

"मी? काही नाही," म्हणून नानाजींनी हात थांबवला. त्याच क्षणी पायलने मान उचलून हात दातांत धरला. नानाजींनी घाबरून पुन्हा ठोका दिला. हात सुटला. त्यांनी मुद्दाम पुन्हा थांबवला. पुन्हा हात दातांत. पुन्हा ठोका.

मग ते थांबले नाहीत. ठोका देता देता डोळ्यांतून पाणी वाहू लागले, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"धागा तुटला का माग थांबे," ते ताईंना म्हणाले. "माग थांबला का पोट्टी ओरडे. अन्‌ मी पट्टी कसत होतो वं माय. पाच साल मी पट्टी कसत होतो."

ताईंनीही आपला तळहात फरशीवर ठेवला आणि नानाजींच्या ठोक्याला ठोका दिला.

त्यानंतर रोज तसे चालले. आधी मांजर, बेडूक, सिंह. पायल तेव्हाही पळायची, ताई पळू द्यायच्या. मग सगळे निजायचे आणि नानाजी ठोका धरायचे. पायल सुरुवातीला दोन मिनिटे राहायची, मग पाच. एखादा दिवस अजिबात राहायची नाही. मी घसरायचो, पडायचो. तिचे सगळे बरे झाले असे समजू नका. ती बोलू लागली नाही. पण फाटकाकडे जाणे कमी झाले.

पंधरावा दिवस आला आणि नेमका त्याच सकाळी नानाजींना ताप भरला. पायलला सोडायला जया आली आणि दारापाशीच उभी राहिली. ड्युटीवर जायचे तिला सुचेना. अरुंधती मॅडम वही घेऊन कोपऱ्यात बसल्या. मुले निजली. मी पायलच्या पोटावर. ताईंनी ठोका धरला, पण त्यांचा हात चुकत होता. नानाजींची लय तिला पाठ होती, ही दुसरी कोणाची तरी होती. पायल उठली. मी गडगडत गेलो. ती दाराकडे धावली. जयाने तिला धरायला दोन्ही हात पुढे केले, आणि ताईंनी मानेने 'नको' म्हटले. पायलचा हात कडीवर गेला.

तेवढ्यात मागून आवाज आला. खटक… खट. खटक… खट. ती काजल होती. कपाळावर टाक्यांची खूण, उताणी पडलेली, दोन्ही टाचा आणि एक हात फरशीवर आपटत. अगदी नानाजींसारखा. तिला कोणाची दया आली होती असे नाही. तिला तो आवाज आवडला होता; घरी रात्रंदिवस तोच वाजवून तिने आईला हैराण केले होते. तिचे पाहून पियुष वाजवू लागला, त्याचा सिंह मध्येच एकदा गर्जला, मग सगळाच वर्ग.

पायलने कडी सोडली. ती सावकाश मागे आली. फरशीवर मला शोधले. सगळ्यांची डोकी भिंतीकडे, तिचे पाय भिंतीकडे, अशी उलटी निजली आणि तिने स्वतः मला उचलून पोटावर ठेवले. तास संपेपर्यंत मी वरखाली होत राहिलो.

मॅडम उठल्या. वहीत काहीतरी लिहिले. दारापाशी जयाला म्हणाल्या, "उद्या वेळेवर आणा. उशीर चालणार नाही." एवढेच. जया तिथेच उंबऱ्यावर बसली आणि पदर तोंडाशी नेऊन हसली की रडली, ते मला नीट दिसले नाही.

नानाजी बरे झाल्यावर पुन्हा शाळेत जाऊ लागले. जयाने त्यांना कधी दोष दिला नाही, आणि त्यांनी स्वतःला कधी माफ केले नाही. ताईंनी नवीन मुलांच्या आईवडिलांना बोलावले की ते आपणहून उभे राहून सांगत, "म्या बांधली होती माझ्या नातीले. चुकलो. तुम्ही बांधू नका." मागाची लाकडे त्यांनी शाळेला देऊन टाकली. सुताराने त्यांचे बसायचे लहान बाक केले.

घरी जाताना पायल आता मला शाळेतच सोडून जाते; मी तिथल्या कपाटात असतो आणि रोज सकाळी बाहेर निघतो. माझे पॉलिश उडाले आहे, एका बाजूला चीर गेली आहे. अजूनही कधी कधी अंगात धाव येते आणि मी घसरतो. मित्रांनो, तुमच्या आसपास एखादे लेकरू सारखे पळत असेल, ओरडत असेल, तर त्याला लगेच धरू नका. ते कशासाठी पळते ते आधी बघा. ज्या गोष्टीने ते निवते, ती शोधायला वेळ लागतो. आम्हाला पाच वर्षे लागली, आणि ती पाच वर्षे तिची गेली. कोणाच्या घरी जुनी वस्तू मुलाने उराशी धरली असेल, तर ती भंगारात देण्याआधी थोडे थांबा. थांबणे मलाही उशिराच आले.

नानाजी अकरा फेब्रुवारी दोन हजार चोवीसला, रविवारी सकाळी, नंदनवनातल्या घरी वारले. त्यांचा ठोका आता वर्गातली मुले धरतात.